बाबांच्या कॅसेटी आणि बदलता आयपी : प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

शेवटी सुरुवात केली. बाबांच्या भजनी मंडळाच्या ३७ कॅसेटी माळ्यावरून खाली काढल्या, आईने प्रत्येक डबी फडक्याने पुसून दिली. प्लॅन असा की सगळ्या डिजिटल करायच्या, भांडुपच्या घरातच एका छोट्या मशीनवर ठेवायच्या आणि गावाला काका, पुण्याला दादा, ज्याला पाहिजे त्याने मोबाइलवर ऐकायच्या. दादा म्हणाला, "सरळ ड्राइव्हवर टाक ना, कशाला डोक्याला ताप." बरोबर आहे त्याचं. पण फोल्डरची लिंक पाठवली की काका ती व्हॉट्सॅपमध्ये हरवतात आणि मला हे स्वतः करून बघायचंय, यातलं दुसरं कारणच खरं.

ड्रॉवरमध्ये रास्पबेरी पाय ४ पडून होता, हातावर मावणारा छोटा कंप्युटर, ४ जीबीवाला. दुपारी लॅमिंग्टन रोडला जाऊन एसएसडी आणि तिची यूएसबी केस आणली. मेमरी कार्डवर चोवीस तास चालणारं मशीन ठेवायचं नाही हे मी एकदा सगळा डेटा गमावून शिकलोय.

आल्या आल्या आधी एक गोष्ट तपासली. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (आयपी म्हणजे नेटवरचा पत्ता, वॅन म्हणजे बाहेरच्या बाजूचा) म्हणून जो नंबर दिसतो आणि "माझा आयपी काय" सांगणाऱ्या साइटवर जो दिसतो, ते दोन्ही सारखे आहेत का. सारखे निघाले. म्हणजे पत्ता पब्लिक आहे, बाहेरून घरापर्यंत रस्ता आहे. कायमचा नाही पण आहे. हे लिहून ठेवतो, पुढे कामाला येईल.

१० जून

कॅसेटचं काम कंटाळवाणं आहे, ६० मिनिटांची कॅसेट ६० मिनिटंच घेते, कुठला कंप्युटर आणला तरी. डेकचा हेडफोन सॉकेट, तिथून वायर, कंप्युटरवर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड. एमपीथ्री १२८ केबीपीएसला तासाचे ५८ एमबी होतात, भजनाच्या घरगुती रेकॉर्डिंगला तेवढं बस झालं. पायवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) नॅव्हिड्रोम टाकलं, गाण्यांचा सर्व्हर, पोर्ट ४५३३, म्हणजे त्या मशीनवरचा याचा दरवाजा नंबर. घरात मस्त चालतंय.

१४ जून, शनिवार

आज अख्खी दुपार एका मूर्खपणात गेली.

राउटरमध्ये पायला कायमचा आतला पत्ता दिला, १९२.१६८.१.५०, म्हणजे डीएचसीपी रिझर्व्हेशन, नाहीतर उद्या तोही बदलेल आणि पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून आलेलं आत वळवणं, आईच्या टीव्हीकडे जाईल. मग बाहेरचा पोर्ट ८०८० आतल्या ४५३३ कडे वळवला. ब्राउझरमध्ये बाहेरचा आयपी टाकला. काही नाही. फायरवॉल बघितली, डॉकर बघितला, राउटर दोनदा रिस्टार्ट केला (आणि दोन्ही वेळा आयपी बदलला, तो पण बघायचा राहिला, मी जुन्याच नंबरवर ठोकत बसलो), आई चहा ठेवून गेली तो पण गार झाला. शेवटी खाली दूध आणायला गेलो, मोबाइल वायफायमधून सुटला, आणि डेअरीच्या लाइनीत उभा असताना सहज रिफ्रेश केलं तर समोर लॉगिनचं पान.

म्हणजे बाहेरून सगळं व्यवस्थित होतं. घरातून निघालेलं पाकीट घराच्याच बाहेरच्या पत्त्यावर जातं तेव्हा राउटरने ते वळवून परत आत घ्यावं लागतं, नॅट लूपबॅक म्हणतात त्याला (नॅट म्हणजे एका पत्त्यामागे अनेक मशीन बसवणं), हेअरपिन पण म्हणतात, आणि माझ्या राउटरला ते येत नाही. आपल्याच दाराची बेल आतून वाजवत बसलो होतो. धडा असा की टेस्ट कायम मोबाइल डेटावरून करायची. घरातल्यांसाठी आतला पत्ता वेगळा.

१५ जून

लॉग उघडून बघितला. पोर्ट उघडून चोवीस तास पण झाले नाहीत आणि कुठले कुठले पाहुणे येऊन गेले. एकजण वर्डप्रेसचं लॉगिन मागत होता, अरे बाबा इथे भजन मिळतं फक्त. यात माझ्यावर कोणाचा डोळा आहे असं काही नाही, अख्ख्या आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, पत्ते आहेत ४२९ कोटी आणि चांगल्या लाइनवरून एक पोर्ट सगळीकडे ठोकून बघायला तासभर पण लागत नाही, मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ मध्येच झेडमॅप नावाचं टूल बनवून ते दाखवून दिलंय. तरी पासवर्ड लांबलचक केला, एसएसएच, म्हणजे दुरून मशीनवर शिरायची सोय, बाहेरून बंदच ठेवलं आणि घरात पण पासवर्डने नाही, फक्त कीच्या फाइलने.

१७ जून

पावसाने बिल्डिंगची लाइट दहा मिनिटं गेली. आली तेव्हा पत्ता नवा.

आता हे नीट मोजायचं ठरवलं. पाच मिनिटांनी आयपी बघून बदलला असेल तर तारखेसकट फाइलमध्ये लिहिणारी चार ओळींची स्क्रिप्ट लावली. माझं कनेक्शन पीपीपीओई आहे, युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये टाकलेला असतो, आणि दर वेळी नवीन सेशन बांधलं की समोरचा नेटवाला त्याच्याकडच्या मोकळ्या पत्त्यांतला एक काढून देतो. जुना कोणाला तरी दुसऱ्याला. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला कळेल हे, फक्त इथे मालक नोटीस देत नाही.

त्यासाठी डायनॅमिक डीएनएस (डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी नेटवरची डायरी). पत्ता बदलू दे, नाव तेच ठेवायचं आणि बदल झाला की नावामागचा नंबर आपणच बदलायचा. डकडीएनएस फुकट आहे, पण एका फसलेल्या धंद्याच्या वेळी घेतलेलं डोमेन माझ्याकडे पडून आहे, त्याचाच एक ए रेकॉर्ड, म्हणजे नावामागच्या पत्त्याची नोंद, एपीआयने, म्हणजे स्क्रिप्टकडूनच परस्पर, बदलायचा असं ठरवलं.

२२ जून, रविवार

स्क्रिप्ट लिहिली. कर्ल या कमांडने बाहेरचा आयपी विचारायचा, मागच्याशी ताडायचा, वेगळा असेल तरच एपीआयला हाक मारायची. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्यात, दर पाच मिनिटांनी. दर मिनिटाला उगाच अपडेट मारणारे लोक असतात, तसं करू नये, अशा सर्व्हिसवाले ब्लॉक करतात आणि बरोबर करतात.

पहिल्याच संध्याकाळी आपटलो. नेट अर्धवट असताना आयपी सांगणाऱ्या साइटकडून नंबरऐवजी एररचं एचटीएमएल पान आलं, स्क्रिप्टने ते गुपचूप "नवा पत्ता" म्हणून फाइलमध्ये लिहिलं, एपीआयने नाकारलं, पण फाइलमध्ये तर नोंद झाली होती, मग त्यानंतर ती सगळं आलबेल समजून गप्प. आता दोन गोष्टी घातल्या. आलेलं उत्तर चार आकडे आणि तीन टिंबं असंच दिसतंय का ते आधी बघायचं, आणि समोरून अपडेट झालं असं उत्तर आल्यावरच फाइलमध्ये लिहायचं. दुसरी जास्त महत्त्वाची.

आतापर्यंत पाच दिवसांत तीन वेळा बदललाय.

२९ जून

काकांचा सकाळी फोन, कणकवलीहून. "अरे हयसर पासवर्ड मागता, खयचो घालू?"

मी म्हटलं काका तुम्हाला दिलाय तोच. तर म्हणे तो चालत नाही. स्क्रीनशॉट मागवला. बघतो तर कुठल्यातरी भलत्याच कंपनीच्या राउटरचं लॉगिन पान! माझा राउटर तो नाहीच.

रात्री पत्ता बदलला होता. स्क्रिप्टने नाव लगेच अपडेट केलं होतं, लॉगमध्ये वेळ आहे, ३ वाजून १० मिनिटं. पण डोमेन घेतलं त्या काळातला टीटीएल, म्हणजे उत्तर किती वेळ धरून ठेवायचं तो आकडा, तसाच राहिला होता, ८६४००. हे सेकंद आहेत, म्हणजे अख्खा दिवस. कोणी एकदा माझं नाव विचारलं की त्याच्या बाजूचा डीएनएस तेच उत्तर २४ तास धरून बसणार, मी इकडे कितीही बदलू दे. आणि तो जुना पत्ता तोपर्यंत दुसऱ्या कोणाला दिला गेला, त्याने राउटरचं पान ८०८० वर जगाला उघडं ठेवलेलं, आणि काका इमानेइतबारे तिथे माझा पासवर्ड टाइप करतायत. दोनदा. साधं एचटीटीपी, म्हणजे पासवर्ड उघडाच जातो.

कानाला खडा. टीटीएल ३०० केला, काकांचा पासवर्ड बदलला. एचटीटीपीएस, त्याचं कुलूपवालं रूप, आता "नंतर बघू" मध्ये नाही, असतं तर ब्राउझरने सर्टिफिकेट जुळत नाही म्हणून आधीच बोंब मारली असती.

६ जुलै, आषाढी एकादशी

१४ कॅसेटी झाल्या. काकांनी सकाळी सहाला अभंग लावले, मोबाइल देवघरात ठेवून. मग फोन केला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, मागे बाबांचा आवाज येत होता. "हो पखवाज माझो," म्हणाले. मग लगेच तक्रार. सूर पांढरी चारचा होता, तुझ्याकडे काळी तीन लागता.

मला वाटलं वयाचा परिणाम. हार्मोनियमचं ॲप लावून बघितलं तर काका बरोबर, अर्धा सूर वर. आईने उलगडा केला, बाबा सेलवरचा टेपरेकॉर्डर न्यायचे. सेल उतरले की टेप हळू फिरते, हळू रेकॉर्ड झालेली टेप नीट स्पीडला वाजवली की पळते. अर्धा सूर म्हणजे जवळपास ६ टक्के, ऑडॅसिटीत स्पीड उणे ५.६ केला आणि बाबा एकदम बाबांसारखे वाटायला लागले. याचा आयपीशी संबंध नाही पण नोंद ठेवतो.

१२ जुलै

एचटीटीपीएस झालं. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट, ९० दिवसांचं. नेहमीच्या पद्धतीत ते पोर्ट ८० वर येऊन खात्री करतात, पण माझा नेटवाला ८० आणि ४४३ दोन्ही बाहेरून अडवतो. मग डीएनएसवाली पद्धत, डोमेनमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकून दाखवायचा की नाव माझंच आहे. एपीआय आहेच, आपोआप होतं. यात घराचा पत्ता लागतच नाही. बाहेरून पोर्ट ८४४३.

२४ जुलै, गुरुवार

बंद. सगळ्यांचं.

ऑफिसमधून बघितलं, लागत नाही. घरी आलो, पाय चालू, नॅव्हिड्रोम चालू, स्क्रिप्टचा लॉग हिरवागार, नाव आणि बाहेरचा आयपी जुळतायत. तासभर डोकं खाजवलं. मग ७ जूनची नोंद आठवली आणि राउटरचं स्टेटस पान उघडलं.

वॅन आयपी १००.७२ ने सुरू होणारा. बाहेरची साइट सांगतेय भलताच.

सीजीनॅट. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये खास यासाठीच बाजूला काढला, ४१ लाख ९४ हजार पत्ते, नेट कंपन्यांनी आतल्या आत वापरायचे. कारण सरळ आहे, आयपीव्ही४ चे पत्ते संपले. जागतिक गोदामातले शेवटचे ठोकळे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाले. मग उरलेल्या एकेका पब्लिक पत्त्यामागे कितीतरी घरं बसवायची. चाळीच्या तोंडाशी एकच पत्रपेटी आणि पाकिटावर खोली नंबर लिहायची सोयच नाही, असा प्रकार. माझी स्क्रिप्ट बिचारी त्या पत्रपेटीचा पत्ता इमानाने जगाला सांगत होती.

दीड महिना मी बदलत्या पत्त्याच्या मागे लागलो होतो. बदलता का होईना, पत्ता माझा होता ही चैन होती हे आज कळलं.

स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली, राउटरचा वॅन आयपी आणि बाहेरचा वेगळे दिसले तर मला मेसेज.

२६ जुलै

नेटवाल्याला फोन. पोरगा चांगला आहे पण "सर स्पीड तर येतोय ना?" याच्या पुढे गाडी जाईना. स्टॅटिक आयपी मिळेल, वर्षाचे पैसे एकदम. वरून कधी बदलला हे त्याला माहीत नाही, नोटीस वगैरे प्रश्नच नाही.

३ ऑगस्ट

दोन रविवार आयपीव्ही६ वर, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर, घालवले. राउटरमध्ये चालू केलं तर खरंच मिळालं, पायला स्वतःचा जगातून दिसणारा पत्ता, नॅट नाही काही नाही. काकांच्या मोबाइलवरून पटकन लागलं, आपल्याकडे मोबाइल नेटवर आयपीव्ही६ जोरात आहे. दादाच्या ऑफिसातून शून्य, तिथे फक्त आयपीव्ही४. शिवाय पुढचा भाग, प्रिफिक्स, राउटर रिस्टार्ट झाला की हाही बदलतो, म्हणजे स्क्रिप्ट आहेच, आणि ती पायवरच चालवावी लागते कारण इथे प्रत्येक मशीनचा पत्ता वेगळा. वर पाय स्वतः प्रायव्हसीसाठी तात्पुरते पत्ते पण बनवतो, चुकून तो नावाला जोडला तर काही दिवसांनी गायब. राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल एकतर सगळी चालू नाहीतर सगळी बंद. सगळी बंद करून आईचा टीव्ही जगाला उघडा करण्यात मला रस नाही. सोडलं.

९ ऑगस्ट, रक्षाबंधन

ताई आली होती, जेवणं झाल्यावर बसलो. शेवटी एक छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, घेतला, मुंबईतल्याच डेटा सेंटरमधला, त्याला पक्का पत्ता. पाय आणि तो यांच्यात वायरगार्डचा बोगदा, म्हणजे नेटमधूनच जाणारी कुलूपबंद खाजगी लाइन. गंमत अशी की बाहेरून आत येता येत नाही पण आतून बाहेर जायला सीजीनॅटची काही हरकत नसते, मग पायनेच बाहेर फोन लावायचा आणि ठेवायचा नाही. दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवत राहायचं, सेटिंगचं नावच पर्सिस्टंट कीपअलाइव्ह, नाहीतर मधला नॅट म्हणतो कोणी बोलत नाहीये आणि रस्ता मिटवतो.

नाव आता व्हीपीएसकडे. पोर्ट ४४३, काकांना पत्त्यापुढे ८४४३ लावायची कटकट गेली. घरचा पत्ता काय आहे, कितीदा बदलतो, कोणाच्या पत्रपेटीमागे आहे, काही फरक पडत नाही. दीड महिन्याची डायनॅमिक डीएनएसची स्क्रिप्ट एका संध्याकाळी निकामी. बंद करवली नाही, फक्त पत्ता टिपून ठेवायला राहू दिली.

दर महिन्याला पैसे जाणार हे खुपतं. "घरचा सर्व्हर" म्हणून आता पूर्ण खरं पण नाही. असो.

१३ ऑगस्ट

दुसऱ्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये भेटले, सहज विषय निघाला तर म्हणाले, "अरे त्यांना सीसीटीव्ही सांगायचं. बाहेरून कॅमेरा दिसत नाही म्हण, लगेच करतात." फोन केला, तसंच म्हटलं. "अच्छा सीसीटीव्ही का सर, मग आधी बोलायचं ना." वीस मिनिटांत पब्लिक पत्ता परत, फुकट. मला हसावं की रडावं कळेना. घरात कॅमेरा नाही, देवाला माफी मागितली. पण तोंडी कारभार आहे, कधीही जाईल, म्हणून बोगदा गणपती होईपर्यंत तरी राहील.

जुना ६०० व्हीएचा यूपीएस पण चालू केला नवी बॅटरी टाकून, राउटर आणि पाय दोन्ही त्यावर. दोघं मिळून वीसेक वॉट, सव्वादोन तास चालतं, मोजलं.

१९ ऑगस्ट

काल-आज पावसाने मुंबईची वाट लावली. लाइट दोनदा गेली. गच्चीवरचा नेटवाल्याचा डबा यूपीएसवर नाही त्यामुळे माझा यूपीएस असून नेट गेलंच, पत्ता तीनदा बदलला. काकांना विचारलं काही अडलं का, तर "नाय, कशाक?"

२६ ऑगस्ट, मंगळवार

काल रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडली, आई, मी आणि सामान. ३७ च्या ३७ कॅसेटी झाल्यात, उद्या गणपतीसमोर बाबांच्या आवाजात आरती लावायची असं काकांचं ठरलंय. ठाणे स्टेशनवर बघितलं, सगळं चालू.

पनवेल सुटल्यावर परत बघितलं. मेलेलं.

टर्मक्समधून, मोबाइलवर कमांड देता येतात त्या ॲपमधून, व्हीपीएसवर शिरलो. बोगद्याचा शेवटचा हँडशेक, म्हणजे दोन टोकांनी एकमेकांना दिलेली ओळख, १९ मिनिटांपूर्वी. बाराच्या सुमारास नेट गेलं असेल, येईल. आलं नाही. मग सुरू झालं, सीजीनॅट परत आला असेल, पण बोगद्याला त्याने फरक पडत नाही, मग पीपीपीओईचा पासवर्ड उडाला का, एसएसडीने मान टाकली का. रेंज आली की दोन कमांड, रेल्वेचा बोगदा आला की गेलं, करबुड्याचा तर साडेसहा किलोमीटरचा, तेवढ्यात सगळे वाईट विचार करून होतात. लाइट गेली म्हणावं तर बिल्डिंगच्या ग्रुपवर रात्री एक वाजता कोणीतरी मोदकाच्या साच्याबद्दल विचारतंय, कोणी लाइटबद्दल बोलत नाही. रात्रभर झोप नाही.

रत्नागिरीला चहा घेतला. आई म्हणाली डोळे का लाल. मी सांगितलं, सर्व्हर बंद पडलाय.

"बंद पडेल नाहीतर काय, निघताना मेन स्विच मीच बंद केला की. गावाला जाताना नेहमी करतो ना आपण."

पावणेदहा ते बारा. सव्वादोन तास. यूपीएसने आपलं काम चोख केलं होतं.

शेजारच्या काकूंकडे चावी असते, तुळशीला पाणी घालायला. सातला फोन केला, सकाळी सकाळी त्रास देतोय म्हणून आधी दहा वेळा सॉरी म्हटलं. "काकू, दारामागे वरती मेन आहे, तो फक्त वर करा आणि मग यूपीएसचं बटण दाबा, टीव्हीखाली." स्टुलाचा आवाज आला, मग खट्ट. फोन धरूनच ठेवला. इकडे दुसऱ्या हाताने दादाच्या जुन्या मोबाइलवर बघत होतो. दोन मिनिटं काही नाही, तीन, मग हँडशेक, ५ सेकंदांपूर्वी. पत्त्यांच्या फाइलमध्ये नवी ओळ, या प्रकल्पातला ४१ वा पत्ता.

"झालं का रे?" काकू म्हणाल्या. "आणि हा फ्रिज पण सुरू झालाय, दार उघडंच आहे त्याचं."

आईने फोन ओढून घेतला. "रिकामा करून मुद्दाम उघडा ठेवलाय, मागचा प्लग काढून टाका फक्त. आणि ते टीव्हीखालचं काय ते राहू द्या चालू."